घळईतली सात मिनिटं

कच्छमधल्या त्या घळईचं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांना जायचंच आहे त्यांना ते सापडेल, फोनवर आता सगळंच सापडतं. पण माझ्या लिहिण्यामुळे आणखी एक गाडी तिकडे वळू नये, एवढीच इच्छा आहे. भुजपासून गाडीने दोन तास आणि मग वेड्या बाभळीच्या काट्यांमधून पाऊण तास पायी, एवढं सांगितलं की पुरे.

आम्ही गेलो मे महिन्यात. ‘मे महिन्यात कच्छला?’ असं ज्याने त्याने विचारलं, आणि ज्याला त्याला मी हसून उत्तर दिलं. नागपूरच्या माणसाला उन्हाबद्दल कुणी काही शिकवायला आलेलं आवडत नाही. आम्ही तोंडाला दुपट्टा गुंडाळतो, पन्हं पितो, पर्समध्ये कांदा टाकतो आणि भर दुपारी स्कूटर काढून निघतो. ऊन म्हणजे आमच्या घरचंच माणूस, असा माझा समज होता. तो मी सीताबर्डीवरून घेतलेल्या दोन सुती टोप्यांसोबत बॅगेत भरून नेला.

आम्ही म्हणजे मी आणि नलिनी. मी कुंदा, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, आता बेसा भागात राहते. नलिनी त्वचारोगाची डॉक्टर, तिचा दवाखाना रामदासपेठेत. काटोलच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पन्नाशीनंतर दोघींना एकाच वेळी फोटोचं वेड लागलं. फरक इतकाच, की माझा कॅमेरा शाळेच्या सहलींसाठी घेतलेला साधा होता आणि तिचा खांदा दुखवणारा मोठा. जाताना गाडीत तिने मला तो कौतुकाने उघडून दाखवला.

‘हे पाय वं, याच्यात दोन कार्डं असतात. एक फोटो दोन्हीकडं जाते. एक कार्ड गेलं तरी दुसऱ्यावर सगळं राहते.’

‘माणसालेही असं पायजे होतं,’ मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो. तेव्हा अजून हसायचो आम्ही.

मे महिनाच का, तर नलिनीने कुठेतरी एक फोटो पाहिला होता. त्या घळईचा एक भाग इतका अरुंद आहे की तळाशी वर्षभर सावलीच असते. फक्त मेच्या शेवटी आणि जूनमध्ये सूर्य अगदी माथ्यावर येतो, तेव्हा दुपारी काही मिनिटं वरच्या फटीतून उन्हाची एक सरळ पट्टी खाली उतरते. तो उन्हाचा खांब नलिनीला हवा होता. मला काय हवं होतं ते आता नीट आठवत नाही. बहुधा, मुलांना फळ्यावर काढून दाखवलेली घळई एकदा आतून पाहायची होती.

वांढ

भुजमध्ये ठरवलेल्या गाडीवाल्याने आम्हाला एका वस्तीवर नेऊन सोडलं. रबारी लोकांची, म्हणजे मेंढ्या-बकऱ्या पाळणाऱ्यांची, दहा-बारा घरांची वस्ती. तिला ते वांढ म्हणतात. पुरुष जवळपास कुणी नव्हते. उन्हाळ्यात ते कळप घेऊन कच्छबाहेर, दूर गुजरातच्या शेतांकडे जातात आणि पाऊस पडला की परत येतात. मागे राहतात बायका, म्हातारी माणसं आणि घरच्या थोड्या बकऱ्या. गाडीवाल्याच्या ओळखीने घळईपर्यंत आम्हाला नेणार होती ती राजीबेन.

पन्नाशीची असेल. उंच, हाडाने रुंद, दंडावर गोंदण. अंगावर सगळं काळं, आणि डोक्यावरून पाठीवर सोडलेली काळ्या लोकरीची जाड ओढणी. तिला लुडी म्हणतात. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात लोकर! मी न राहवून विचारलं, गरम नाही होत? तिचं हिंदी गुजराती वळणाचं, पण अगदी स्पष्ट होतं.

‘ऊंट को पूछा कभी?’ ती म्हणाली. ‘लोकर ऊन बाहेर ठेवते, बेन. तुमचं हे पातळ कापड काय करणार?’

तिने बाजरीचा रोटला केला. आपल्याकडे ज्वारीची भाकर थापतात तशी पाटावर नाही, तर दोन्ही तळव्यांमध्ये उभी फिरवत, टाळ्या वाजवल्यासारखी. सोबत लसणाची चटणी, गूळ, कच्चा कांदा आणि पितळेच्या पेल्यातून ताक. तर्री-पोह्यावर वाढलेल्या माझ्या जिभेलासुद्धा त्या चटणीने पाणी आणलं. मी रोटला करतानाचा फोटो काढू का, असं विचारलं. तिने लुडी तोंडावर ओढून घेतली.

‘हाताचा काढ. हात सगळ्यांचे सारखे.’

मी हातांचा काढला. नलिनीनेही कॅमेरा उचलला होता, पण वर, चेहऱ्याकडे. राजीबेनने तव्यावरची नजर न उचलता सांगितलं, ‘पत्थर का फोटो लो, बेन. मेरा नहीं.’

का, ते तिने नंतर चहा बशीत ओतताना सांगितलं. काही वर्षांपूर्वी कुणीतरी पाहुणा येऊन तिच्या जाऊबाईचा फोटो काढून गेला. बाई पाणी भरत होती, डोक्यावरची लुडी घसरली होती. पुढे तो फोटो मोठ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या फलकावर लागला. वस्तीतले पुरुष कळप घेऊन त्याच रस्त्याने परत येतात. सासऱ्याने, दिरांनी, गावातल्या सगळ्यांनी तिला उघड्या डोक्याने पाहिलं, तेही माणसाच्या दुप्पट मोठी. कुणी तिला मारलं नाही की हाकललं नाही. ‘पण ती हसायची ती हसायची थांबली,’ राजीबेन म्हणाली.

मला माझ्या सासूबाई आठवल्या. काटोलकडे त्यांनी सासऱ्यांसमोर शेवटपर्यंत डोईवरचा पदर ढळू दिला नाही. पन्नास वर्षांपूर्वी आमच्याकडे हेच होतं. नलिनीला मी तसं म्हणाले.

‘हो वं,’ ती लेन्स पुसत म्हणाली. ‘पण चेहरा काय आहे पायलं का तिचा? काय हाडं आहेत!’

पहिली दुपार

घळई आधी दिसतच नाही. सपाट, करडं, दगडगोट्यांचं माळरान चालत राहतं आणि अचानक पायाखालची जमीन फाटते. खाली पाहिलं तर तांबडा, पिवळा, जांभळट वाळूचा दगड थरांवर थर लावून ठेवलेला. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाची ही वाळू. नंतर एका नदीने ती कापत नेली. त्या नदीला आता वर्षातले दहा महिने पाणी नसतं. भिंतींना जाळीसारखी भोकं पडलेली, तळाशी रांजणखळगे, काही माणूस उभा मावेल एवढे. जिथे पाणी उरलं आहे तिथे हिरवे, गार डोह. राजीबेन त्याला ‘ध्रो’ म्हणाली. मी तिला म्हटलं, आम्ही डोह म्हणतो. तिने दोन्ही शब्द एकदा म्हणून पाहिले आणि म्हणाली, ‘एक जेवुं ज छे.’ सारखंच आहे.

एक घोरपड डोहाच्या काठी पाणी पीत होती. ती माझ्या कॅमेऱ्यात आली, नलिनीच्याही. तो या प्रवासातला माझा एकमेव धड फोटो.

अरुंद भाग शेवटी आहे. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं टेकतात. तिथे आम्ही पावणेबाराला पोचलो. नलिनीने कॅमेऱ्याची तिपाई लावली. बारा वाजले. सव्वाबारा झाले. वरच्या फटीत आकाशाची पांढरी रेघ, खाली सावली, आणि हवा मात्र भट्टीतल्यासारखी. भिंती सकाळपासूनचं ऊन गिळून बसलेल्या असतात आणि ते आता बाहेर टाकतात. वारा आत येत नाही. साडेबाराला नलिनी चिडली.

‘काहीच नाही येऊन राहिलं वं. खोटा फोटो असन तो. चाल.’

राजीबेन काही म्हणायला गेली, पण आम्ही दोघी सामान आवरून निघालोसुद्धा. अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, ‘इतक्या लवकर का निघाल्या? ऊन तर बकऱ्या दुपारच्या सावलीला बसल्या की उतरतं.’ आम्ही निघालो तेव्हा बकऱ्या बसायला अजून वेळ होता म्हणे.

मी जागच्या जागी थांबले. माझ्या लक्षात आलं तेव्हा उन्हापेक्षा लाजेने तोंड भाजलं. तीस वर्षं मी मुलांना घोकून घेतलं होतं, एका रेखांशाला चार मिनिटं. नागपूरच्या पश्चिमेला आम्ही दहा रेखांश आलो होतो. नागपुरात बाराच्या जरा नंतर जो सूर्य माथ्यावर येतो, तो इथे एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना येणार. घड्याळ सगळ्या देशाचं एक आहे, सूर्य नाही. हे मला बकऱ्या राखणाऱ्या बाईकडून शिकावं लागलं.

नलिनीला सांगितलं तर ती हसली नाही. ‘तू भूगोलाची मास्तरीण ना?’ एवढंच म्हणाली. आणि मग, ‘उद्या परत येऊ.’

दुसरी दुपार

रात्री आम्ही वस्तीवरच राहिलो. सकाळी राजीबेन म्हणाली, आज जाऊ नका. वारा पडला होता. वस्तीवरची कुत्रीसुद्धा भिंतीच्या बुडाशी माती उकरून त्या खड्ड्यात निजली होती. मलाही सकाळपासून बरं वाटत नव्हतं. दोनदा पोट बिघडलं होतं, डोकं जड होतं. हे मी नलिनीला सांगितलं, पण असं सांगितलं की तिने ‘मग थांब’ म्हणू नये. काल माझ्यामुळे एक दिवस गेला होता. आज माझ्यामुळे दुसरा गेला असता तर ती वर्षभर बोलून दाखवणार होती.

‘ओआरएस घे आणि चाल,’ ती म्हणाली. ‘आपण काय फॉरेनर आहोत का?’

आम्ही निघालोच तेव्हा राजीबेनने पाण्याची पिशवी खांद्याला लावली आणि आमच्या पुढे चालू लागली. पाहुण्यांना एकटं कसं सोडायचं, असं काहीतरी ती सुनेला म्हणाली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. घळईत उतरताना दगडाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. डोह कालच्याहून खाली गेला होता. अरुंद भागात पोचलो तेव्हा माझा घाम थांबला होता. मला वाटलं, बरं झालं, गार वाटतंय. भूगोलाऐवजी आरोग्यशास्त्र शिकवलं असतं तर कळलं असतं. मग मी म्हणे राजीबेनला मराठीत विचारलं की घंटा झाली का. मग मला उलटी झाली आणि मी भिंतीला टेकून खाली घसरले.

नलिनी आली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून वाचकांना वाटेल की ती आलीच नाही. तिने नाडी पाहिली, पापणी उचलली, हिंदीत राजीबेनला म्हणाली, पाय वर करा हिचे, पाणी मारा. तिचा हात गार आणि दवाखान्यातल्यासारखा नेमका होता. मग तो हात गेला.

राजीबेनने पिशवीतलं पाणी माझ्या तोंडावर ओतलं. ते संपलं. डोह वीस पावलांवर होता. पिशवीचं तोंड अरुंद, भरायला वेळ लागला असता, आणि दुसरं भांडं नव्हतं. मला धूसर दिसत होतं ते एवढंच, की ती काळी आकृती उठली, धावली, आणि परत आली तेव्हा डोक्यावर काळं नव्हतं. तिने डोक्यावरची लुडी काढून डोहात बुडवली होती. ती पाण्याने जड झालेली लोकर तिने माझ्यावर पांघरली, डोक्यापासून पायापर्यंत. ओल्या मेंढीचा वास आला. तो गारवा मी मरेपर्यंत विसरणार नाही. लोकर पाणी धरून ठेवते. दोन-तीन मिनिटांनी ती लुडी उचलायची, डोहाकडे धावायची, परत आणायची, माझ्यावर उभी राहून दोन्ही हात वर करून पिळायची आणि मग पांघरायची. तिचे केस सुटले होते. कमरेपर्यंत, निम्मे पांढरे.

आणि तेव्हाच वरून ऊन उतरलं. खरोखर खांबासारखं, धुळीने भरलेलं, तिच्या उचललेल्या हातांवरून, केसांवरून, पिळून पडणाऱ्या पाण्यावरून. मी खाली पडल्या पडल्या पाहिलं.

त्याच वेळी मला आवाज ऐकू येऊ लागला. खट्. खट्. खट् खट्.

मी नलिनीला हाक मारली. निदान मारायचा प्रयत्न केला. तिने ऐकलं असावं, कारण ती म्हणाली, ‘एकच मिनिट, कुंदे. एकच मिनिट.’

ज्याबद्दल मी बोलले नाही

ऊन निघून गेल्यावर नलिनी पुन्हा डॉक्टर झाली. तिने मला बसवलं, घोट घोट पाणी पाजलं, माझं नाव, गाव, वार विचारला. मी बरोबर सांगितलं. मला शुद्ध होती. ओली लुडी माझ्या खांद्यांवर होती आणि समोर राजीबेन उघड्या डोक्याने, एक हात केसांवर धरून बसली होती, जणू हाताने झाकलं जाईल. आजूबाजूला आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. तरी तिने तो हात काढला नाही.

‘फोटो लिया?’ तिने नलिनीला विचारलं.

‘निकाल देती हूं,’ नलिनी म्हणाली. लगेच, अगदी गोड आवाजात. ती तिच्या शेजारी जाऊन बसली, कॅमेऱ्याचा छोटा पडदा तिच्यापुढे धरला आणि एकेक फोटो दाखवून एकेक पुसू लागली. प्रत्येक फोटो गेला की राजीबेन मान हलवायची. शेवटचा गेला तेव्हा तिने पडद्याकडे वाकून पाहिलं, तिथे कालची घोरपड होती. ती समाधानाने हसली आणि माझ्याकडे आली, लुडी घ्यायला नाही, माझ्या कपाळाला हात लावून पाहायला.

त्या पडद्यावर एकाच कार्डावरचे फोटो दिसत होते. दुसऱ्या कार्डावर सगळे जसेच्या तसे होते. हे तिथे दोघींना माहीत होतं, नलिनीला आणि मला. नलिनीने राजीबेनच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत विनंती नव्हती, धाक नव्हता. मी काय करते ते ती फक्त पाहत होती.

मी डोहाकडे पाहिलं.

दुपार कलल्यावर राजीबेनने मला जवळजवळ पाठीवर घेऊन वर आणलं. तालुक्याच्या गावी सलाइनच्या दोन बाटल्या लागल्या. त्याआधी वस्तीवरून निघताना तिने लुडीचा कोपरा माझ्या हातात दिला, वाळली का पाहा म्हणून. अजून दमट होती. मी तिला माझा फोन नंबर दिला, तिने सुनेकडून तो साठवून घेतला. परतीच्या प्रवासात नलिनी आणि मी संत्र्यांबद्दल, मुलांबद्दल, आंबे यंदा कसे आहेत याबद्दल बोललो.

नागपूर

आठवड्याने नलिनीने सगळे फोटो एका पेनड्राइव्हवर घालून पाठवले. लपवाछपवी काही नाही, सगळेच. संगणकावर प्रत्येक फोटोखाली वेळ दिसते. राजीबेनचा पहिला फोटो बारा एक्कावन्नचा होता, शेवटचा बारा अठ्ठावन्नचा. मधल्या सात मिनिटांत त्रेचाळीस फोटो. त्यातल्या बऱ्याच फोटोंत खाली डाव्या कोपऱ्यात दोन पाय आहेत, एका पायात सँडल, एक अनवाणी. ते माझे.

मी फोन केला. ‘सात मिनिटं, नलू.’

‘नाडी लागत होती वं तुही. मी डॉक्टर आहो. तू मरून नव्हती राहिली.’

‘तुले कसं माहीत?’

‘तुले जिवंत पायलं ना मंग? आता काहून उकरून राहिली?’

मी पेनड्राइव्ह कपाटात ठेवला. तेव्हाही ‘ते फोटो पुसून टाक’ असं मी म्हणाले नाही.

दिवाळीनंतर तिला त्या फोटोसाठी मोठं बक्षीस मिळालं. सीताबर्डीजवळच्या एका सभागृहात प्रदर्शन भरलं. तिने मला आग्रहाने बोलावलं आणि मी गेले, कडक इस्त्रीची साडी नेसून. दारातून आत गेल्याबरोबर समोर राजीबेन होती. दरवाजाएवढी. हात वर, केस मोकळे, पिळलेल्या लोकरीतून सुटणारे पाण्याचे थेंब उन्हात ठिणग्यांसारखे. खाली पाटी होती : ‘मरुभूमीतील स्नान’. स्नान! माझे पाय फोटोतून कापून टाकले होते. लोक समोर उभे राहून एकमेकांना हळू आवाजात सांगत होते, काय मुक्त बाई आहे बघा.

मी नलिनीला बाजूला घेतलं.

‘काढ तो. तिनं नाही म्हटलं होतं.’

‘चेहरा अर्धा तर अंधारात आहे.’

‘तिच्या वस्तीले ओळखू नाही येणार?’

‘तिची वस्ती रामदासपेठेत आहे का?’ ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. ‘कुंदे, मी चाळीस वर्षं लोकांचे मुरूम पाहून राहिली. डाग, खाज, मुरूम. आयुष्यात एक चीज अशी भेटली मले. एकच. ते पण पुसू?’

तिचे डोळे भरून आले होते. मला तिचं खरं वाटलं, हे सर्वांत वाईट. कुणीतरी तिला फुलं द्यायला बोलावलं आणि ती गेली. मी त्यानंतर तिच्याकडे गेलेले नाही, तीही माझ्याकडे आली नाही. पन्नास वर्षांची मैत्री अशी संपते हे मला माहीत नव्हतं. भांडण होत नाही, फक्त फोन येत नाहीत.

फोन आला तो कच्छहून. मी अंगणात पापड वाळत घालत होते.

‘बेन, तबियत कैसी है?’ राजीबेनने आधी तेच विचारलं. मी बरी आहे म्हटलं. तिने नागपूरला ऊन सुरू झालं का विचारलं. मी हो म्हटलं. मागे बकऱ्या ओरडत होत्या.

फोटो तिच्यापर्यंत पोचला होता. आमच्याच गाडीवाल्याने फोनवर पाहून तिच्या सुनेला दाखवला होता. नवऱ्यानेही तो पाहिला. तो आता वेगळ्या खाटेवर निजतो. एवढं असतं तर चाललं असतं, ती म्हणाली. आता गाड्या येतात. माणसं फोनवर तिचा फोटो धरून वांढभर विचारत फिरतात, ये औरत कहां मिलेगी. एकाने तर सुनेला म्हटलं, बोलाव तिला, तसंच केस सोडून उभी करायची आहे, घळईत. राजीबेन आता घळईत जात नाही. बकऱ्या सून नेते. उन्हाळा आला की ती दुपारी डोहाकाठच्या सावलीत बसायची, लग्न होऊन आली तेव्हापासून. तेही सुटलं.

मी म्हणाले, ‘मला माफ कर.’

‘तुमने थोडी किया,’ ती म्हणाली. मग, ‘त्या बेनने तर माझ्यासमोर पुसले होते. एकेक. मी पाहिले जाताना. परत कुठून आले?’

मी तिला दोन कार्डांचं सांगितलं. जसं वर्गात सांगितलं असतं तसं, सोपं करून. ती ऐकत होती.

‘आपको मालूम था? उस दिन?’

पापडांवर ऊन पडलं होतं. हो म्हणायला एक शब्द पुरतो. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी तीच घाईघाईने बोलली, जणू मला अवघड जागेतून बाहेर काढायला हात देत होती.

‘आपको तो बुखार था ना, बेन. होश कहां था.’

मला होश होता. मी माझं नाव सांगितलं होतं, गाव सांगितलं होतं, वार गुरुवार आहे हेही सांगितलं होतं. तिच्या खांद्यावरून नलिनीचे डोळे पाहिले होते. आणि त्या छोट्या पडद्यावर एकेक फोटो नाहीसा होताना मी मनात म्हटलं होतं की बरं झालं, दुसऱ्या कार्डावर आहेत. कारण ते फार सुंदर होते. हे मी नलिनीलासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

‘हां,’ मी म्हणाले. ‘बुखार था.’

‘वही तो,’ राजीबेन म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला. ‘मैंने भी घर में सबको यही बोला. वो दूसरी वाली ने किया. हमारी वाली को तो होश ही नहीं था.’

मग तिने मला पाणी पीत जा म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.